चाळीस मीटरच्या खाली: वर यायची घाई का चालत नाही?

मी अष्टमीचा. कुंडलिकेच्या काठावर वाढलो, त्यामुळे पाण्याची भीती कधी वाटली नाही. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पहिल्यांदा स्कुबा केलं आणि वेडच लागलं. मग कोर्स सुरू झाले. पहिला कोर्स 18 मीटरपर्यंत, पुढचा 30 पर्यंत. हौशी डायव्हिंगची शेवटची रेघ 40 मीटरवर. त्याच्या पलीकडे जे आहे, ते टेक्निकल डायव्हिंग. आजचा विषय तोच.

आधी साधं गणित. दर 10 मीटरला पाण्याचा दाब 1 बारने वाढतो. म्हणजे 40 मीटरवर एकूण 5 बार. प्रत्येक श्वासात पाचपट हवा जाते. 12 लिटरचं, 200 बार भरलेलं सिलिंडर म्हणजे 2400 लिटर हवा. मिनिटाला 20 लिटर लागत असेल, तर वर ती दोन तास पुरेल, खाली फक्त 24 मिनिटं. म्हणून इथे तिसऱ्या हिश्श्याचा नियम आहे: एक हिस्सा जायला, एक यायला, एक अडचणीसाठी राखीव.

आता नायट्रोजन. गोटी सोडा आठवतोय ना? गोटी दाबली की फसफसतो. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन तुम्ही झटकन वर आलात की तसाच बुडबुडे करतो. म्हणून वर येताना ठरलेल्या खोलीवर थांबायचं, कधी कधी बरीच मिनिटं. काहीही बिघडलं तरी थेट वर पळता येत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर इथे रोलबॅक नाही. जो काही बिघाड आहे, तो पाण्यातच सोडवायचा.

हे थांबे लवकर संपावेत म्हणून वेगळा गॅस सोबत नेतात. 50 टक्के ऑक्सिजनचं सिलिंडर साधारण 21 मीटरपासून वर, शुद्ध ऑक्सिजनचं फक्त 6 मीटरपासून वर. त्याखाली तोच ऑक्सिजन विषारी. पाण्यातच झटके येऊ शकतात. म्हणून सिलिंडरवर खोलीचा आकडा मोठ्या अक्षरात लिहितात.

आणि इथेच मी चुकलो. स्विमिंग पूलमध्ये सराव होता. 'तू 21 मीटरवर आहेस' असं समजून गॅस बदलायचा होता. मी आकडा न वाचताच हाताला लागलं ते तोंडात घातलं. सरांनी पाटीवर लिहून दाखवलं: '6. मेलास.' तीनच मीटर पाणी होतं, पण अंगावर काटा आला.

त्यानंतर तो क्रम शंभरदा केला: आकडा वाच, जोडीदाराला दाखव, नळी हाताने शेवटपर्यंत तपास, त्याने मान हलवली की मगच तोंडात घे. कंटाळा येतो, आणि तो येईपर्यंत करायचं, हेच प्रशिक्षण.

आई विचारते, "अरे, एवढ्या खाली बघायला आहे तरी काय?" मी तिला अँग्रिया बँकेचं सांगतो. विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत, समुद्रात बुडालेलं प्रवाळाचं पठार, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. ती म्हणाली, "जा, पण आकडा वाचून."

तर मंडळी, पुढच्या भागात भेटू. तोवर उगाच खोल जाऊ नका!