कोना पोऱ्या शे तू?

खानदेशात अनोळखी माणूस दारात आला की नाव मागाहून विचारतात. आधीचा प्रश्न ठरलेला, ‘कोना पोऱ्या शे तू?’ कोणाचा मुलगा, कोणत्या गल्लीतला. या प्रश्नात माया असते, आणि त्याच्या उत्तरावर पाणी कोणत्या भांड्यात द्यायचं तेही ठरतं. आमचं सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेलं. तांबटांच्या ठोक्यांचा आवाज ऐकतच आम्ही लहानाचे मोठे झालो. घरात हंडे, घागरी, तांबे यांना तोटा नव्हता. तरी आमच्या ओसरीवर सालदाराचा कप निराळा होता. चिनीमातीचा, दांडा तुटलेला, वळचणीला खोचलेला. तो स्वतःच काढायचा, स्वतःच विसळायचा आणि पुन्हा तिथंच खोचायचा. त्याचा मुलगा माझ्या वर्गात होता. तो कप त्यालाही दिसत होता आणि मलाही. चाळीस वर्षांत आम्ही दोघं त्याबद्दल एकदाच बोललो. ते शेवटी सांगतो.

२०२० च्या मे महिन्यात अमेरिकेत मिनियापोलिसला जॉर्ज फ्लॉइड पोलिसाच्या गुडघ्याखाली मेला आणि जगभर मोर्चे निघाले. त्या मोर्च्यांत गोरी माणसं मोठ्या संख्येनं होती, आणि एक वाद पुन्हा वर आला. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या लढ्यात दुसऱ्यानं कुठं उभं राहायचं? पुढं, मागं की बाजूला? माईक कोणी धरायचा? आपल्याकडच्या अनेक तरुणांना हा वाद अमेरिकेतून आलेला वाटतो. वंश आणि जात या दोन गोष्टी एक नाहीत, हे खरं. जातीचं मूळ वंशात आहे हे बाबासाहेबांनाही मान्य नव्हतं. पण सोबत करणाऱ्याच्या जागेचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे, आणि आपल्याकडे तो १९२७ सालीच महाडच्या मांडवात येऊन बसला होता.

महाडची गोष्ट आपण सांगतो ती बहुधा एकाच माणसाची. तपशिलात गेलं की गर्दी दिसू लागते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत हा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये मांडला तो सी. के. बोले यांनी. महाडच्या परिषदेची जमवाजमव केली ती रामचंद्र बाबाजी मोरे यांनी. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरबानाना टिपणीस सोबत होते. २० मार्चला परिषदेचं कामकाज संपत आलं असताना, आता पाणी प्यायला तळ्यावरच जाऊ या, ही सूचना पुढं आणली अनंतराव चित्रे यांनी. टिपणीस आणि चित्रे दोघं कायस्थ. डिसेंबरात मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे ब्राह्मण, त्याला अनुमोदन देणारे पां. ना. राजभोज दलित. त्या डिसेंबरच्या परिषदेसाठी महाडात कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थानं आपली जमीन दिली.

या दोन परिषदांच्या मधल्या काळात पुण्याहून एक देकार आला. केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर हे ब्राह्मणेतर चळवळीतले दमदार पुढारी. त्यांनी सत्याग्रहाला पाठिंबा देऊ केला, पण एका अटीवर. लढ्यात ब्राह्मण नकोत, सहानुभूती बाळगणारेसुद्धा नकोत. बाबासाहेबांना माणसांची गरज होती. महाडात पाणी प्यायल्यावर लोकांना मार बसला होता, तळं गोमूत्र-शेण घालून ‘शुद्ध’ करून झालं होतं, आणि ज्या नगरपालिकेनं तळं खुलं केलं तिनंच ऑगस्टमध्ये आपला ठराव मागं घेतला होता. तरी त्यांनी ती अट नाकारली. आपलं भांडण ब्राह्मण्याशी आहे, ब्राह्मण जातीत जन्मलेल्या माणसांशी नाही, ही भूमिका त्यांनी ‘बहिष्कृत भारत’मध्ये मांडली.

हा नकार बहुतेक वेळा मनाच्या मोठेपणाचा दाखला म्हणून सांगितला जातो. मला तो कारभाराचा मुद्दा वाटतो. आपल्या मांडवात कोण बसणार हे पुण्याचे पाठिंबेवाले ठरवणार नाहीत; ते मांडव ज्यांचा आहे ते ठरवतील. सहस्रबुद्धे व्यासपीठावर होते, ठराव मांडत होते, तरी परिषद कोणाची याविषयी कोणाच्या मनात शंका नव्हती. दार सताड उघडं आणि किल्ली स्वतःच्या कनवटीला, अशी ती व्यवस्था होती.

हीच किल्ली पाच वर्षांनी वादाचं मूळ ठरली. पुणे करारानंतर १९३२ मध्ये गांधीजींच्या प्रेरणेनं अस्पृश्यता निवारणासाठी जी संस्था निघाली, ती पुढं हरिजन सेवक संघ झाली. बाबासाहेब सुरुवातीला तिच्या मध्यवर्ती मंडळात होते, थोड्याच काळात बाहेर पडले. गांधीजींचं म्हणणं असं, की अस्पृश्यता हे सवर्णांचं पाप आहे, प्रायश्चित्त त्यांनीच घ्यायचं, म्हणून संस्थाही त्यांनीच चालवायची. तर्क तसा सरळ आहे. फेडणाऱ्यानं आपलं कर्ज फेडावं, हे कोण नाकारेल? पण किती फेडायचं, कधी आणि कशाच्या रूपात, हेही तोच ठरवू लागला तर सावकारी त्याचीच राहते.

आमच्या खानदेशातला या प्रश्नाचा सगळ्यात हळवा कोपरा म्हणजे साने गुरुजी. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातले मास्तर, धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीताप्रवचनं उतरवून घेणारे. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात विठ्ठलमंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी उपोषण केलं. त्याआधी काही महिने महाराष्ट्रभर फिरून सवर्णांची मनं वळवली. मंदिर खुलं झालं. मात्र दलित चळवळ तोवर देवळाच्या पायरीवरून कधीच उठली होती. नाशिकला काळारामासाठी १९३० पासून पाच वर्षं धक्के खाऊन झाले होते; ऑक्टोबर १९३५ मध्ये येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं होतं. दार उघडलं तेव्हा ज्यांच्यासाठी उघडलं त्यांची वाट दुसरीकडे वळलेली.

म्हणून गुरुजींचं उपोषण वाया गेलं का? मला तसं वाटत नाही. त्यांनी दलितांना काय करा हे सांगितलं नाही, त्यांचे पुढारी असल्याचा आव आणला नाही. ते बडव्यांशी, वारकऱ्यांशी, म्हणजे आपल्याच माणसांशी भांडले. सोबत करणाऱ्याच्या वाट्याला येणारं हे सगळ्यात नावडतं काम. परक्या वस्तीत जाऊन भाषण करणं सोपं असतं. स्वतःच्या ओसरीवरचा कप काढून टाकणं अवघड.

सोनगीरच्या फाट्यावरून आग्रा रोड शिरपूरकडे जातो आणि दुसरा रस्ता चिमठाण्यावरून दोंडाईच्याकडे. तोच धरून पुढं गेलं की तापीपलीकडचा शहादा. आज नंदुरबार जिल्ह्यात, पण १९९८ पर्यंत आमच्याच धुळे जिल्ह्यात. काळी कसदार जमीन, ऊस, केळी, आणि त्या जमिनीवर सालदारकी करणारे भिल्ल. जमीन एकेकाळी त्यांची. कर्जापायी, कागदावरच्या अंगठ्यापायी ती गेली आणि मालक गडी झाले. १९७१ च्या मे महिन्यात पाटीलवाडीला जमीनदारांच्या जमावानं आदिवासींवर गोळीबार केला. त्या भागात तेव्हा एक माणूस आधीपासून उभा होता. अंबरसिंग सुरतवंती, स्वतः भिल्ल, भजनं म्हणणारा, सर्वोदयी मंडळींच्या सहवासात वाढलेला. त्याच्या मागोमाग पुण्या-मुंबईकडची शिकलेली पोरं आली. कुमार शिराळकर त्यांतला एक, आय.आय.टी.तून इंजिनिअर झालेला. विजय कान्हेरे आणि पुढं कादंबरीकार म्हणून ओळखले गेलेले दीनानाथ मनोहर हेही त्या पिढीचे. ३० जानेवारी १९७२ ला शहाद्याला भूमुक्ती मेळावा भरला आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली.

आता पाहा, पेच कसा पडतो. तहसील कचेरीत अर्ज कोणी लिहायचा? फौजदाराशी कोणत्या भाषेत बोलायचं? सातबारा वाचून कोणी दाखवायचा? लिहिता येणारा आपोआप पुढं जातो. त्यात त्याची लबाडी नसते; टेबलापलीकडचा साहेबच त्याच्याकडे बघून बोलतो. भिल्लीतलं गाऱ्हाणं मराठीतून साहेबापर्यंत जाईस्तो निम्मं गळतं, आणि बातमीत नाव मराठी बोलणाऱ्याचं येतं. शहाद्यात यावर उतारा सापडला तो गावोगावच्या तरुण मंडळांत आणि शिबिरांत. बायकांचं शिबिर भरलं तेव्हा तर बाहेरून आलेल्यांच्या आराखड्यात नसलेलाच विषय वर आला. जमीन, मजुरी ठीक आहे, पण संध्याकाळी दारू पिऊन येणारा नवरा मारतो त्याचं काय? भुरीबाई, हिरकणबाई यांच्यासारख्या बाया पुढं झाल्या, गुत्त्यांवर चालून गेल्या, मडकी फोडली. शहाद्याच्या चळवळीतला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग हाच. अजेंडा बाहेरच्यांच्या हातून निसटला, आणि त्यांनी तो निसटू दिला.

आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत करण्याचा कायदा महाराष्ट्रात १९७४ चा. त्यामागं जे रेटे होते त्यांत शहाद्याचाही होता. धुळ्याचे शरद पाटील तेव्हा मार्क्सवादी पक्षात. वर्गाबरोबर जातीचाही अंत हा लढ्याचा विषय व्हावा या आग्रहापायी १९७८ मध्ये त्यांनी पक्ष सोडला आणि सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला. पक्षात आपल्या वेदनेला शब्दच नसेल, तर सभासदत्वाची पावती काय कामाची, हा त्यांच्या भांडणाचा गाभा होता, असं मी समजतो.

अमेरिकेत हा पेच फार कडवट झाला. १९६४ च्या उन्हाळ्यात मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची मतदार नोंदणी करायला उत्तरेकडून शेकडो विद्यार्थी गेले, बहुतेक गोरे. जूनमध्ये तिघांचा खून झाला. जेम्स चेनी तिथलाच, कृष्णवर्णीय. गुडमन आणि श्वर्नर न्यूयॉर्कचे, गोरे. देश हादरला, शोधासाठी मोठी यंत्रणा लागली. त्या शोधात ज्यांची कोणी चौकशीही केली नव्हती अशा काळ्या माणसांची प्रेतं सापडली. गोऱ्या सोबत्यांमुळे जगाचं लक्ष गेलं, आणि लक्ष जायला गोरं शरीरच लागतं हेही उघडं पडलं. दोनच वर्षांत, १९६६ च्या अखेरीस, एसएनसीसी या विद्यार्थी संघटनेनं थोडक्या मतांनी गोऱ्या सभासदांना बाहेर ठेवण्याचा निर्णय घेतला. दक्षिण आफ्रिकेत स्टीव्ह बिको आणि त्याच्या मित्रांनीही गोऱ्यांचा वरचष्मा असलेली विद्यार्थी संघटना सोडून स्वतःची वेगळी काढली. आपल्याकडे १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर जन्मली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. दोन वर्षांत तिचे पुढारी ढसाळ आणि ढाले वेगळे झाले. मार्क्सवाद्यांशी जवळीक किती ठेवायची, हा त्यातला मोठा मुद्दा. जुना सोबतीचाच प्रश्न, नव्या कपड्यांत.

दार बंद करणाऱ्यांचा मला राग येत नाही. ज्याच्या घरात पाहुणाच पाटावर बसतो त्याला कधीतरी कडी लावावीशी वाटणारच. तरी माझा कौल महाडच्या बाजूनं.

महाडच्या तळ्याचा खटला मुंबई हायकोर्टात दलितांच्या बाजूनं लागला तो मार्च १९३७ मध्ये. त्याच वर्षी ३१ जुलैला बाबासाहेब कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले आणि लळिंगच्या कुरणातल्या लांडोर बंगल्यात राहिले. दरवर्षी त्या तारखेला तिथं भीमस्मृती यात्रा भरते. सालदाराचा मुलगा, माझा वर्गमित्र, दरवर्षी जातो. एका वर्षी मी म्हणालो, मीही येतो, दोन शब्द बोलेन म्हणतो. तेव्हा त्यानं त्या कपाची आठवण काढली. रागानं नाही, सहज. म्हणाला, ‘भाऊ, तू बोलशील चांगलं. पण आमच्याकडे बोलणारे पुष्कळ आहेत. खाली गाड्या लावायला माणूस कमी पडतो.’

मनात थोडं खट्टू झालं, खोटं कशाला सांगू. मग पावसात, शिट्टी गळ्यात अडकवून, दुपारपर्यंत मोटारसायकली ओळीत लावत राहिलो. वर भाषणं चालली होती, शब्द ऐकू येत नव्हते. निळा फेटा बांधलेले एक म्हातारे बाबा थांबले, मला खालीवर न्याहाळलं आणि म्हणाले, ‘कोना पोऱ्या शे तू?’

मी वडिलांचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. ‘सोनगीरना शे का,’ म्हणाले, आणि आपली लूना लावायला माझ्याकडे दिली.