लक्षाची राखण

सेवाग्राम आश्रमात बापूंच्या दफ्तरात जुन्या टेलिफोनची पेटी आजही पाहायला मिळते. गांधीजींशी तातडीने बोलता यावे म्हणून व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी तो टेलिफोन बसवून घेतला होता. १९३६ साली गांधीजी शेगावला राहायला आले, त्याच गावाचे पुढे सेवाग्राम झाले. पत्रे, तारा आणि भेटीला येणारी माणसे यांचा ओघ या खेड्याकडे लागला. तरीही प्रार्थनेची वेळ ठरलेली होती, सूतकताईची ठरलेली होती आणि सोमवार मौनाचा होता. त्या दिवशी काही सांगायचेच झाले तर ते चिठ्ठीवर लिहून देत. जवळच पवनारला विनोबांनी २५ डिसेंबर १९७४ पासून वर्षभर मौन पाळले. या दोघांच्याही दिनक्रमात नियम आधी ठरत असे. त्यामुळे व्यत्यय दारात आल्यावर त्याच्याशी वाटाघाटी करण्यात शक्ती जात नसे.

आज याच वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात, हिंदी विश्वविद्यालयात आणि वर्धा, हिंगणघाट, आर्वीच्या अभ्यासिकांत हजारो मुले-मुली पडद्यासमोर बसून अभ्यास करतात. त्यांना अशी आधी ठरवलेली शिस्त लावायला मदत करणारी साधने फुकट मिळतात. ती म्हणजे ब्राउझरची एक्स्टेन्शन्स.

लक्ष कुठे सांडते

राज्यसेवेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्याचे व्याख्यान यूट्यूबवर असते आणि त्याला भुलवणारे सगळे काही त्याच पानावर, व्याख्यानाच्या शेजारी असते. पान संपू न देता खाली खाली सरकत राहण्याची सोय अझा रास्किन या रचनाकाराने २००६ साली तयार केली. पुढे त्यानेच तिच्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. पान संपले की थांबायची आठवण होते, आणि ते संपतच नाही म्हटल्यावर ही आठवण करून देणारे कोणी उरत नाही. अशा वेळी मुलाच्या मनोबलाला दोष देणे अन्यायाचे आहे. समोरची यंत्रणा त्याला खिळवून ठेवण्यासाठीच घडवलेली आहे.

एक्स्टेन्शन हा ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम असतो. आपण कोणता पत्ता उघडतो आहोत हे त्याला कळते आणि उघडलेल्या पानात तो बदलही करू शकतो. पान अडवणे किंवा त्यातला काही भाग झाकणे, ही दोन्ही कामे त्याला जमतात ती यामुळेच.

कोणते कशासाठी

वेळेचा नियम घालायचा असेल तर लीचब्लॉक घ्यावे. ते क्रोम आणि फायरफॉक्स दोन्हींवर चालते. कोणत्या साइट, कोणत्या वारी, किती ते किती वाजेपर्यंत बंद ठेवायच्या, किंवा दिवसातून किती मिनिटे मोकळ्या ठेवायच्या, हे त्यात भरता येते. साइट पुरती बंद करायची नसेल तर ती उघडण्याआधी काही सेकंद थांबायला लावण्याचीही सोय आहे. हात सवयीने तिकडे गेला असेल, तर एवढ्या वेळात आपण कशाला आलो होतो ते आठवते. बंदीच्या वेळेत आपल्यालाच सेटिंग बदलता येऊ नये, असेही त्यात ठरवता येते.

यूट्यूब बंद करणे परवडत नसेल तर अनहूक उपयोगी पडते. सुचवलेले व्हिडिओ, शॉर्ट्स, प्रतिक्रिया हे सारे ते झाकते आणि व्याख्यान तेवढे उरते. जाहिरातींसाठी रेमंड हिल यांचे यूब्लॉक ओरिजिन आहे. जाहिराती उतरवाव्या लागत नसल्याने त्याच्यामुळे डेटाही वाचतो. गूगलने एक्स्टेन्शनचे नियम बदलल्यापासून क्रोमवर त्याची लाइट आवृत्ती वापरावी लागते, फायरफॉक्सवर मात्र ते पूर्ण क्षमतेने चालते. उघड्या टॅबांची रांग वाढत गेली की वनटॅब ती एका यादीत गोळा करते.

विदर्भातला शेतकरी रोही आणि रानडुक्कर पिकात शिरण्याची वाट न पाहता आधीच कुंपण घालतो. नियमही तसाच, मन शांत असताना आदल्या रात्री घालावा.

परवानगी देण्याआधी

एक्स्टेन्शन बसवताना ब्राउझर एक सूचना दाखवतो: सर्व वेबसाइटवरील तुमचा डेटा वाचण्याची आणि बदलण्याची परवानगी. ही सूचना गंभीरपणे वाचावी, कारण बँकेचे पानही तिच्यात आले. द ग्रेट सस्पेंडर हे वीस लाखांहून अधिक लोक वापरत असलेले एक्स्टेन्शन २०२० मध्ये नव्या मालकाकडे गेले. त्यात घातक कोड असल्याचे कारण देऊन गूगलने फेब्रुवारी २०२१ मध्ये ते बंद केले. ते बसवताना लोकांचे काही चुकले नव्हते, मालक मागाहून बदलला होता. म्हणून एक्स्टेन्शन मोजकीच ठेवावीत, कोड खुला असलेली आधी पाहावीत आणि वापरात नसलेली महिन्याकाठी काढून टाकावीत. बँकेच्या व्यवहारांसाठी एक्स्टेन्शन नसलेले वेगळे प्रोफाइल ठेवणे उत्तम.

मोबाइलवर काय करावे

आपल्याकडे अनेकांचे इंटरनेट मोबाइलवरच चालते, आणि अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन बसत नाहीत. फायरफॉक्सने डिसेंबर २०२३ मध्ये अँड्रॉइडसाठी एक्स्टेन्शनचे दालन मोठ्या प्रमाणावर खुले केले. पण ब्राउझरमधला नियम ॲपला लागू होत नाही. तेव्हा भुलवणारे ॲप काढावे आणि तीच साइट फायरफॉक्समध्ये, यूब्लॉक ओरिजिन लावून उघडावी. ॲप ठेवणे भाग असेल तर फोनमधल्या डिजिटल वेलबीइंगमध्ये त्याला रोजची मर्यादा घालता येते.

संस्थांनी उचलायचे पाऊल

एकेकट्या विद्यार्थ्यावर सगळा भार टाकून भागणार नाही. नगरपालिकांची वाचनालये, महाविद्यालयांच्या संगणक प्रयोगशाळा आणि गावोगावच्या अभ्यासिका यांच्या संगणकांवर ही व्यवस्था आधीच करून ठेवता येईल. फायरफॉक्समध्ये एका धोरण-फाइलद्वारे निवडक एक्स्टेन्शन्स संगणकावर आपोआप बसवता येतात आणि बाकीची रोखता येतात. त्याला परवाना शुल्क नाही. संगणक सांभाळणाऱ्याने एकदा मन लावून हे काम केले, की तिथे येऊन बसणाऱ्या प्रत्येकाला जाहिराती आणि शॉर्ट्स नसलेला पडदा मिळेल. अभ्यासिकेत आपण टेबल, दिवा, पंखा पुरवतो. विचलित न करणारा ब्राउझरही त्याच यादीत यायला हवा, आणि दिवाळीनंतर अभ्यासिका पुन्हा भरण्याआधी हे काम हाती घेता येईल.