हावडा पूल आणि पानाची पिंक

हुगळीच्या पात्रात हावडा पुलाचा एकही खांब नाही. नदी गाळाची, भरती-ओहोटीची आणि जहाजांच्या वर्दळीची. आधीचा १८७४चा तरंगता पूल जहाजांसाठी उघडावा लागे, आणि तोवर दोन्ही काठांची वाहतूक खोळंबून राही. नव्या पुलाने दोन मनोऱ्यांमधले ४५७ मीटर एकाच झेपेत ओलांडले.

एवढी झेप पेलली ती त्रिकोणांनी. खाटेची चौकट सांध्यांत सैल झाली की डुगडुगते. तिला एक तिरकी पट्टी ठोकली की ती जागची हलत नाही. बाजूंची लांबी बदलल्याशिवाय त्रिकोणाचा आकार बदलत नाही, हेच कैचीच्या, म्हणजे त्रिकोणी सांगाड्याच्या, पुलाचे सारे बळ. वाहनांचे वजन त्रिकोणांतून वाटले जाते, त्यात काही पट्ट्या ताणल्या जातात, काही दाबल्या जातात. दोन्ही काठांवरून पुढे आलेल्या बाहूंनी मधला १७२ मीटरचा तुकडा तोलून धरला आहे. सुमारे २६,५०० टन पोलादापैकी २३,००० टन टाटांनी पुरवले. महायुद्ध सुरू होते, विलायती पोलादाचा भरवसा उरला नव्हता. नट-बोल्टऐवजी रिव्हेटांनी सांधलेला हा पूल फेब्रुवारी १९४३मध्ये खुला झाला.

रस्ता मात्र या कैचीला खालून लोंबकळतो, पोलादी हँगरांच्या आधाराने. हँगरांचे पायथे थेट पदपथालगत येतात. मल्लिक घाटाच्या फुलबाजारातून झेंडूच्या पाट्या डोक्यावर घेऊन निघालेले हमाल, स्टेशन गाठणारे चाकरमाने, सगळे त्यांना घासूनच जातात. आणि त्यांतले अनेकजण तिथेच पान-गुटखा थुंकतात. लाळेतले क्षार आणि ओल धातूवर साचून राहिली की लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन गमावतात आणि गंज झपाट्याने धरतो. हा गंज सच्छिद्र असतो. तो पापुद्र्यांनी गळतो आणि खालचे ताजे पोलाद पुन्हा उघडे पडते. २०११च्या पाहणीत पायथ्यांवरची ६ मिलिमीटर जाडीची पोलादी आवरणे काही ठिकाणी ३ मिलिमीटरच्याही खाली झिजलेली आढळली. मग तिथे फायबरग्लास बसवले गेले. ते गंजत नाही आणि धुताही येते. उपाय योग्यच, पण सवय तशीच राहिली तर तो अपुरा आहे.

मुंबईहून गीतांजली एक्स्प्रेसने हावड्याला उतरलात, तर पूल जरूर पायी ओलांडा. फक्त, तोंडात पान नको.