तेवीस वेळा एकाच वर्षाची नोकरी

आपल्याकडे क्रिकेटचे जसे वेड, तसे अमेरिकेत बेसबॉलचे. त्या खेळाच्या सर्वांत वरच्या पातळीवर वॉल्टर ऑल्स्टन यांना फलंदाजी मिळाली ती आयुष्यात एकदाच. २७ सप्टेंबर १९३६ रोजी सेंट लुईस कार्डिनल्सच्या एका खेळाडूला पंचांनी बाहेर काढले, त्याच्या जागी ते उतरले. फलंदाजीत सरळ बाद, क्षेत्ररक्षणात एक चूक. पुन्हा बोलावणे आले नाही.

ओहायोतल्या डॅरटाउन या लहान गावचा हा पदवीधर मग उन्हाळ्यात खालच्या संघांतून खेळायचा आणि हिवाळ्यात शाळेत शिकवायचा. पुढे अशाच लहान संघांचे व्यवस्थापक झाले. बेसबॉलमध्ये व्यवस्थापक म्हणजे हिशेब ठेवणारा नव्हे. कोण खेळणार, कधी बदलायचे, हे सगळे तोच ठरवतो. १९४६ साली नॅशुआ गावच्या संघात रॉय कॅम्पानेला आणि डॉन न्यूकम हे दोन काळे खेळाडू आले. त्यांना घ्यायला दुसऱ्या एका ठिकाणी नकार मिळाला होता. ऑल्स्टन यांनी मात्र कॅम्पानेलाला सांगून ठेवले होते, की मला पंचांनी बाहेर काढले तर संघ तू सांभाळायचा. तशी वेळ आली, त्याने सांभाळला आणि सामना जिंकला.

१९५४ च्या हंगामासाठी ब्रुकलिन डॉजर्सने त्यांना नेमले. आधीच्या व्यवस्थापकाने अनेक वर्षांचा करार मागितला, म्हणून त्याला जावे लागले होते. ऑल्स्टन यांनी एका वर्षाचा करार मुकाट्याने घेतला. दरवर्षी नव्याने नेमणूक म्हणजे काय, हे आपल्याकडच्या कंत्राटी शिक्षकांच्या घरी विचारावे! पुढच्याच वर्षी, सात वेळा अंतिम मालिका हरलेला हा संघ पहिल्यांदा विजेता झाला. संघ लॉस एंजेलिसला गेल्यावर १९५९, १९६३ आणि १९६५ मध्येही तो जिंकला.

१९६५ ची गोष्ट मला विशेष वाटते. अंतिम मालिकेचा पहिला सामना योम किप्पूरला आला. हा यहुद्यांचा उपवासाचा आणि तौबेचा दिवस. संघाचा सर्वोत्तम गोलंदाज सँडी कोफॅक्स यहुदी. तो त्या दिवशी खेळला नाही. ऑल्स्टन यांनी डॉन ड्रायस्डेलला चेंडू दिला आणि सामना २–८ असा गेला. सातव्या, निर्णायक सामन्याला ड्रायस्डेलची विश्रांती जास्त झाली होती, कोफॅक्सला फक्त दोन दिवस मिळाले होते. तरी ऑल्स्टन यांनी कोफॅक्सलाच उतरवले. त्याने समोरच्यांना एकही धाव करू दिली नाही. डॉजर्स २–० ने जिंकले.

असे एकेक वर्षाचे तेवीस करार झाले, विजय २,०४० झाले. १९७६ च्या हंगामाचे चार सामने उरले असताना ऑल्स्टन यांनी जागा टॉमी लासोर्डा यांना दिली आणि ते डॅरटाउनला, आपल्या सुतारकामाच्या हत्यारांकडे परतले.