मेंदूचा मुका मार

8 जानेवारी 2020 च्या पहाटे इराणने इराकमधल्या अल् असद तळावर बॅलिस्टिक क्षेपणास्त्रं डागली. आधीच सूचना मिळाल्यामुळे तळावरचे बरेच अमेरिकी सैनिक बंकरमध्ये होते. सकाळी अमेरिकेने जाहीर केलं की एकाही सैनिकाला इजा झालेली नाही. आठवडाभराने आकडा आला 11. मग 34, मग 50, मग 64, आणि फेब्रुवारीत शंभरच्या वर. निदान एकच, मेंदूला इजा. मधल्या काळात राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी या सैनिकांची डोकी दुखत असल्याचं आपण ऐकलंय, ते काही फार गंभीर नाही, अशा अर्थाचं विधान केलं. माजी सैनिकांच्या एका मोठ्या संघटनेने त्यांनी माफी मागावी, अशी मागणी केली.

आकडा असा हप्त्याहप्त्याने का वाढला, याचं मोठं कारण या इजेच्या स्वभावात आहे. रक्त येत नाही, हाड मोडत नाही. चार दिवसांनी उजेड सहन होईनासा होतो, वाचलेलं डोक्यात राहत नाही. त्यातून सैनिकाला विचारलं, तर तो ‘मी ठीक आहे’ म्हणतो. सोबती आघाडीवर असताना आपण आडवं पडायचं, हे त्याच्या शिकवणीतच बसत नाही. अमेरिकेने इराक आणि अफगाणिस्तानच्या युद्धांत अशा सैनिकांसाठी जी व्यवस्था उभी केली, तिचा प्रत्येक टप्पा या एका उत्तराला वळसा घालण्यासाठी आखलेला आहे. ती समजून घ्यायची, तर आधी कवटीच्या आत काय होतं ते पाहावं लागेल.

स्फोट झाला की हवेच्या दाबाची लाट आवाजापेक्षाही जास्त वेगाने पसरते आणि शरीरातून आरपार जाते. तिच्यापाठोपाठ धक्का येतो. माणूस फेकला जातो, नाहीतर चिलखती गाडीच्या छतावर त्याचं डोकं आपटतं. मेंदूचं वजन साधारण 1.4 किलो. तो कवटीत द्रवावर तरंगत असतो, आणि पातेल्याला हिसका बसल्यावर आतलं दही जसं हादरतं, तसा तो हादरतो. मज्जातंतूंचे लांब, बारीक धागे ताणले जातात. पेशींच्या आतबाहेर असलेला क्षारांचा तोल बिघडतो. तो सावरायला मेंदूला जास्त ऊर्जा लागते आणि नेमका त्याच वेळी त्याचा रक्तपुरवठा मंदावलेला असतो. म्हणूनच पहिली इजा भरून येण्याआधी बसलेला दुसरा मार जास्त घातक ठरतो.

यातलं फारसं काही सीटी स्कॅनमध्ये दिसत नाही. सीटी रक्तस्राव आणि फ्रॅक्चर शोधतो, ताणले गेलेले तंतू शोधत नाही. 2016 मध्ये अमेरिकेतल्या बेथेस्डाच्या लष्करी वैद्यकीय विद्यापीठातले डॅनियल पर्ल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्फोटांना सामोरे गेलेल्या आणि नंतर मरण पावलेल्या सैनिकांचे मेंदू त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासले होते. मेंदूचा करडा आणि पांढरा भाग जिथे एकमेकांना भिडतात तिथे, रक्तवाहिन्यांच्या भोवती, द्रवाच्या पोकळ्यांच्या कडेला, व्रणांच्या रेघा सापडल्या. मऊ आणि घट्ट ऊती जिथे एकत्र येतात तिथेच दाबाच्या लाटेने घाव घातला होता. हयातीत या माणसांच्या नेहमीच्या स्कॅनमध्ये असं काही दिसण्याची शक्यता नव्हती. ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत’ हे वाक्य ऐकून घरी परतणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला ही गोष्ट माहीत असायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

इजेची श्रेणी पहिल्या तासांवरून ठरते. शुद्ध हरपली नाही, किंवा अर्ध्या तासाच्या आत परत आली, तर सौम्य. चोवीस तासांहून जास्त हरपली तर तीव्र. अमेरिकी सैन्यात 2000 सालापासून चार लाखांहून अधिक जणांना मेंदूच्या इजेचं निदान झालं, आणि त्यांतल्या 80 टक्क्यांहून जास्त इजा सौम्य गटातल्या होत्या. या सगळ्या रणांगणावरच्या नाहीत. सराव, खेळ, मोटारीचे अपघातही त्यांत आहेत. सौम्य गटातले बहुतेक जण काही दिवसांत किंवा आठवड्यांत पूर्ण बरे होतात, हेही तितकंच खरं. उरतात त्यांच्यासाठी पुढचा सगळा खटाटोप.

पहिला टप्पा स्फोटाच्या जागीच सुरू होतो. 2010 मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याने युद्धभूमीसाठी एक आदेश काढला आणि 2012 मध्ये त्याचा कायमचा नियम केला. स्फोटापासून 50 मीटरच्या आत असलेला प्रत्येक जण, स्फोटात सापडलेल्या गाडीतला प्रत्येक जण, गाडीची टक्कर झालेला किंवा ती उलटलेला, डोक्याला थेट मार बसलेला, अशा सगळ्यांची तपासणी सक्तीची. स्फोट किंवा अपघात घडला, एवढंच पुरेसं. त्रास होतोय का, हा प्रश्न नंतर. तपासणी झाली की नाही, हे पाहण्याची जबाबदारी कमांडरवर. माझ्या मते या साऱ्या व्यवस्थेतली सगळ्यांत शहाणपणाची गोष्ट हीच. जखमी आहोत की नाही, हे ठरवण्याचं ओझं जखमी माणसावरून काढून घेतलं.

तपासणी करतो तुकडीतला मेडिक. हातात एक छोटी पुस्तिका, ‘मेस’ नावाची चाचणी. आधी काय घडलं ते विचारतो. धमाक्याआधीचं शेवटचं काय आठवतं? नंतरचं पहिलं काय आठवतं? मधे किती वेळ कोरा आहे? मग गुणांचा भाग, एकूण 30. आज कोणता महिना, तारीख, वार, वर्ष, साधारण किती वाजले, याचे पाच. मग पाच शब्द वाचून दाखवतो, एकमेकांशी काही संबंध नसलेले. जुन्या पुस्तिकेत कोपर, सफरचंद, गालिचा, खोगीर, बुडबुडा असे होते. तीन वेळा वाचायचे, तीन वेळा म्हणून घ्यायचे. पंधरा गुण. मग आकडे उलट्या क्रमाने म्हणायचे आणि डिसेंबरपासून जानेवारीपर्यंत महिने उलटे. याच दरम्यान मेडिक डोळ्यांच्या हालचाली आणि तोलही पाहतो, आणि सैनिक ते शब्द विसरला असेल अशा वेळी सहज विचारतो, मघाचे पाच शब्द सांग बरं.

खरी परीक्षा तिथे होते. 25 किंवा त्याखाली गुण आले, की पुढच्या तपासणीला पाठवायचं. आघाडीवर परत जाता यावं म्हणून शब्दच पाठ करून ठेवणारे सैनिक होते. म्हणून पुस्तिकेत शब्दांच्या अनेक याद्या आहेत आणि दर वेळी वेगळी वापरायची असते. सैन्यात संगणकावर घेतली जाणारी प्रतिसादाच्या वेगाची आणि स्मरणाची आणखी एक चाचणी आहे. ती मोहिमेवर जाण्याआधी घेऊन ठेवतात, म्हणजे इजेनंतरच्या निकालाशी ताडून पाहायला त्याचाच जुना निकाल हाताशी असतो.

कन्कशन, म्हणजे सौम्य मेंदूइजा, ठरलं तर किमान 24 तास विश्रांती, आणि मग पायरीपायरीने काम. चालणं, हलका व्यायाम, वजन उचलणं, शस्त्रासह सराव. एखाद्या पायरीवर डोकं दुखायला लागलं तर मागच्या पायरीवर यायचं. वर्षभरात दुसऱ्यांदा झालं तर त्रास थांबल्यावर आणखी सात दिवस सक्तीची विश्रांती. तिसऱ्यांदा झालं तर सविस्तर तपासणी पूर्ण होईपर्यंत कामावर परत जाता येत नाही.

आता यातला अवघड भाग. घरी परतलेल्या सैनिकाला झोप येत नाही, तो चिडतो, विसरतो, दोन मिनिटं एका गोष्टीवर टिकत नाही. हे मेंदूच्या माराने की मनावरच्या आघाताने, म्हणजे पीटीएसडीने? दोन्हींची लक्षणं एकमेकांत मिसळलेली. 2008 मध्ये चार्ल्स होग आणि सहकाऱ्यांनी इराकहून परतलेल्या 2,525 सैनिकांची पाहणी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मांडली. डोक्याला मार लागून शुद्ध हरपलेल्यांपैकी 43.9 टक्क्यांमध्ये पीटीएसडीची लक्षणं होती. इतर प्रकारच्या जखमा झालेल्यांत हे प्रमाण 16.2 टक्के होतं. पुढचा निष्कर्ष जास्त विचार करायला लावणारा. पीटीएसडी आणि नैराश्य हिशेबात घेतलं, की डोकेदुखी सोडून बाकीच्या शारीरिक तक्रारींचा सौम्य मेंदूइजेशी असलेला संबंध जवळजवळ नाहीसा होत होता. म्हणजे डोक्याच्या डॉक्टरने एकीकडे आणि मनाच्या डॉक्टरने दुसरीकडे उपचार केले, तर दोघांच्याही हातून माणूस निसटणार.

सुरुवातीला झालंही तसंच. 2007 च्या फेब्रुवारीत ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने वॉल्टर रीड या नामांकित लष्करी रुग्णालयातल्या बाह्यरुग्ण सैनिकांची हलाखी उघडकीस आणली. बुरशी चढलेल्या खोल्या, आणि मेंदूला इजा झालेल्या माणसांनी स्वतःच सांभाळायचे कागदपत्रांचे आणि अपॉइंटमेंटचे ढीग. ज्याला काल काय झालं ते आठवत नाही, त्याच्याकडून अशी अपेक्षा! या प्रकरणातून चौकशा झाल्या, आणि त्याच वर्षअखेरीस संरक्षण खात्याने मानसिक आरोग्य आणि मेंदूइजा या दोन्ही विषयांसाठी मिळून एक केंद्र स्थापन केलं.

2010 मध्ये बेथेस्डात सुरू झालेलं नॅशनल इंट्रेपिड सेंटर हे या एकत्र विचाराचं ठळक उदाहरण. इमारत लोकांच्या देणग्यांतून बांधून सैन्याला दिली. नेहमीच्या उपचारांनी बरे न झालेले सैनिक इथे चार आठवड्यांच्या कार्यक्रमासाठी येतात, शक्य असेल तर कुटुंबासह. न्यूरॉलॉजिस्ट, मानसोपचारतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, झोपेचे आणि वाचेचे तज्ज्ञ एकाच छताखाली, एकाच रुग्णाभोवती काम करतात. तीच भयंकर हकीकत दहा दारांत दहा वेळा उगाळावी लागू नये, हा यामागचा एक हेतू. इथे सैनिक कागदाच्या लगद्याचे मुखवटेही बनवतात. 2015 मध्ये ‘नॅशनल जिओग्राफिक’ने त्यांची छायाचित्रं छापली. शिवलेली तोंडं, दुभंगलेली कपाळं, पट्ट्यांनी करकचून आवळलेली डोकी. तोंडाने ‘ठीक आहे’ म्हणणारी माणसं रंग हाती आल्यावर काय सांगतात, ते त्यात दिसतं.

पीटीएसडीवर सर्वांत भक्कम पुरावा आहे तो आघाताला थेट भिडणाऱ्या मानसोपचारांचा. एका पद्धतीत साधारण दीड तासाच्या बैठकीत सैनिक डोळे मिटून तो प्रसंग वर्तमानकाळात, बारीकसारीक तपशिलांसह सांगतो. ते रेकॉर्ड होतं आणि घरी रोज ऐकायचं असतं. जोडीला, टाळलेल्या जागी हळूहळू जायचं. इराकमध्ये बॉम्ब कचऱ्यात लपवलेले असत, म्हणून कित्येकांना गावी परतल्यावरही रस्त्याकडेच्या पिशवीजवळून गाडी नेववत नाही. त्या रस्त्याने जायचं, भीती चढेल तिथेच थांबायचं, ती आपोआप उतरेपर्यंत. आठवण आणि धोका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मेंदू पुन्हा शिकतो. सेरट्रालिनसारख्या औषधांचाही उपयोग होतो. झोपेसाठी आणि घबराटीसाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या बेंझोडायझेपिन गटातल्या गोळ्या मात्र पीटीएसडीवर देऊ नयेत, असं अमेरिकी लष्करी वैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात.

उपचार असून माणूस दारात येत नसेल तर? त्याला करिअरची भीती असते. गोपनीय कामांच्या मंजुरीच्या अर्जात मानसिक उपचारांविषयी प्रश्न असतो. युद्धातल्या अनुभवांसाठी घेतलेलं समुपदेशन त्यात सांगण्याची गरज नाही, अशी सवलत 2008 मध्ये दिली गेली. 2018 मध्ये ब्रँडन कॅसर्टा या तरुण नौसैनिकाने आत्महत्या केली. त्याच्या आईवडिलांनी लावून धरल्यामुळे 2021 मध्ये ब्रँडन कायदा झाला. त्यानुसार सैनिक आपल्या वरिष्ठाकडे मानसिक तपासणीची मागणी करू शकतो, आणि वरिष्ठाने कारण न विचारता लवकरात लवकर त्याला पाठवायचं असतं.

आपल्याकडे सातारा, सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगरच्या गावागावांत सैनिकांची घरं आहेत आणि हे प्रश्न त्या घरांतही आहेत. टेलिमानस ही सरकारी मोफत मानसिक आरोग्य सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास चालते, मराठीतूनही बोलता येतं. सैन्यदलातल्या माणसांसाठी आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी तिचा खास कक्ष 2023 च्या डिसेंबरमध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. निवृत्तांना ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमधून न्यूरॉलॉजिस्ट आणि मानसोपचारतज्ज्ञ अशा दोघांकडेही जाण्यासाठी चिठ्ठी मागता येते, आणि दोन्ही मागाव्यात.

डॉक्टरकडे जाण्याआधी घरच्यांनी एक कागद तयार करावा. कोणत्या वर्षी, कुठे, कसला स्फोट किंवा अपघात झाला, अंतर अंदाजे किती होतं, शुद्ध हरपली होती का, आधीचं आणि नंतरचं किती आठवत नाही, असं पूर्वी किती वेळा झालं होतं. तोफखान्यात किंवा स्फोटकांच्या प्रशिक्षणात किती वर्षं काढली, तेही लिहावं. खाली गेल्या महिन्यातली झोप, डोकेदुखी, चिडचिड, दारू, विसरलेल्या गोष्टी घरच्यांनी पाहिल्या तशा. कागद त्याला वाचून दाखवावा, तो दुरुस्त करेल तिथे करू द्यावा, आणि डॉक्टरांच्या हाती द्यावा. ‘काय त्रास होतोय?’ या प्रश्नाला तो काय उत्तर देईल, हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं.