जुन्या गाडीची बॉडी बदलली, आता आरसी बुकात काय?

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी आम्हाला विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या माणसाचं आरटीओत काय काम? प्रश्न रास्त आहे. पण वस्तू बदलत गेली तरी ती 'तीच' कशी राहते, हे शिकवण्यात आमची उमेद गेली, आणि हा प्रश्न इतक्या रोकड्या स्वरूपात आम्हाला पहिल्यांदा भेटला तो एका गाडीच्या निमित्ताने.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. म्हणाला, "सर, माझी गाडी माझीच आहे हे सिद्ध कसं करायचं?" गाडी म्हणजे त्याच्या वडिलांची १९६८ ची फियाट. खालचा पत्रा इतका गंजलेला, की मागच्या सीटवर बसलं तर फटीतून रस्ता दिसायचा. गॅरेजवाल्याने सुचवलं, दुसऱ्या एका फियाटची धडधाकट बॉडी मिळतेय, ती घेऊ. इंजिन, गिअरबॉक्स, सीटा, वडिलांनी डॅशबोर्डवर चिकटवलेला गणपतीसुद्धा नव्या बॉडीत आला. मग जुन्या बॉडीवरचा चासी नंबर असलेला पत्र्याचा तुकडा कापून नव्या बॉडीला वेल्डिंग केला, वरून रंग मारला. जुना सांगाडा भंगारात. पुढे नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला गेली, तेव्हा निरीक्षकाने नंबराच्या कडेने नुसतं बोट फिरवलं आणि कागद बाजूला ठेवला.

आमच्या विद्यार्थ्याला हा अन्याय वाटला. आम्हालाही आधी तसंच वाटलं, खोटं कशाला बोला. पण जरा विचार केल्यावर आमचं मत बदललं. ते का, हे आज सांगायचं आहे.

आरसी बुक उघडून बघा. त्यात मालकाचं नाव आणि नंबर असतो, शिवाय बनवणाऱ्या कंपनीचं नाव, बॉडीचा प्रकार, उत्पादनाचा महिना-वर्ष, चासी नंबर, इंजिन नंबर, आसनसंख्या, रिकाम्या गाडीचं वजन, रंग, असं बरंच काही असतं. आपण ते कधी वाचत नाही. हे गाडीचं वर्णन आहे, आणि वर्णनातल्या सगळ्या गोष्टी सारख्या तोलाच्या नसतात. रंग बदलला तर नोंद करून घेतात, गाडी तीच राहते. चासी नंबर मात्र वर्णनात असला तरी गाडीचं नाव आहे म्हणा. वर्णन बदलू शकतं, नाव दुसऱ्याला लावता येत नाही.

आता हे नाव कुठे कोरलेलं असतं, यावर सगळा खेळ आहे. विलिस किंवा महिंद्राची जुनी जीप घ्या, स्टँडर्ड हेराल्ड घ्या. या गाड्यांना खाली स्वतंत्र चासी असते आणि बॉडी तिच्यावर बोल्टांनी बसवलेली असते. बॉडी उचलून बाजूला ठेवली तरी चासी, तिची चाकं आणि इंजिन जागेवरच राहतात, आणि नंबर चासीवर. फियाट आणि अँबॅसेडर यांचं तसं नाही. त्यांना वेगळी चासी नाहीच. बॉडीचा पत्राच गाडीचा कणा. तिथे 'मी फक्त बॉडी बदलली' या वाक्याचा अर्थ होतो 'मी गाडी बदलली आणि सामान तेच ठेवलं'. गॅरेजमध्ये हा फरक सगळ्यांना माहीत असतो, गिऱ्हाइकाला मात्र कुणी सांगत नाही.

ब्रिटनमध्ये यासाठी अनेक वर्षं गुण देण्याची पद्धत वापरली गेली. मूळ चासीला ५ गुण, किंवा चासी वेगळी नसेल तर मूळ बॉडीच्या सांगाड्याला ५. सस्पेन्शन, अॅक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंग यांना प्रत्येकी २, इंजिनाला १. जुना नंबर टिकवायचा तर १४ पैकी ८ गुण हवेत. यात एक गंमत बघा : ज्या गाडीला स्वतंत्र चासी आहे, तिच्या बॉडीला शून्य गुण! आपण गाडी म्हणून जे बघतो, जिला पुसतो, जिच्यापुढे उभं राहून फोटो काढतो, तिला मोजणीत स्थानच नाही.

इथे आम्हाला नागसेन आठवतो. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात राजा मिलिंद रथातून भिक्षू नागसेनाकडे येतो. नागसेन विचारतो, चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. मग रथ आहे कुठे? 'रथ' हा या सगळ्यांच्या आधाराने चालणारा व्यवहारातला शब्द आहे, इथपर्यंत दोघं येतात. आरटीओतला कारकून याला हरकत घेणार नाही. त्याला फक्त तो व्यवहार चोख हवा असतो.

तो का हवा, ते ग्रीकांच्या थिसिअसच्या जहाजावरून कळतं. जहाजाच्या फळ्या एकेक करून बदलल्या, शेवटी जुनी एकही उरली नाही, तर जहाज तेच का? सतराव्या शतकात हॉब्जने त्यात एक खोच काढली : काढलेल्या जुन्या फळ्या कुणी जमवून दुसरं जहाज बांधलं, तर? आता जहाजं दोन आणि नाव एक. वर्गात हा प्रश्न आम्ही गमतीने विचारायचो. आरटीओत तो गमतीचा नाही, कारण नोंदवहीचं काम एका नावाला दोन दावेदार उभे राहू न देणं हेच आहे. विद्यार्थ्याच्या फियाटकडे तसं बघा. नव्या बॉडीला स्वतःचा नंबर होता. ती कुठल्या गाडीची? त्या गाडीची नोंदणी रद्द झाली का? ती चोरीची तर नव्हती? कापून जोडलेल्या तुकड्यावरून यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर मिळत नाही, आणि चोरीच्या गाड्याही नेमक्या अशाच तयार होतात. निरीक्षकाने बोट फिरवलं ते म्हणून.

याची उलट बाजूही आहे. १९२९ आणि १९३० साली ल माँची शर्यत जिंकलेली बेंटली कंपनीची एक गाडी 'ओल्ड नंबर वन' म्हणून ओळखली जाते. तिच्या विक्रीवरून १९९० साली लंडनच्या न्यायालयात खटला झाला. घेणाऱ्याचं म्हणणं, शर्यतीतली मूळ बॉडी गेली, चासीही नंतरची, मग ही ती गाडी कसली? न्यायमूर्ती ऑटन यांनी विकणाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. बदल होत गेले, पण गाडीचा इतिहास तुटला नव्हता आणि त्या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडी नव्हती. म्हणजे सुटे भाग बदलले याचा बाऊ नाही. धागा अखंड आहे का आणि तो उघड आहे का, एवढंच बघितलं गेलं.

आपल्याकडचा कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२. उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी आरसीतला तपशील विसंगत होईल असा फेरफार मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं. फेरफार परवानगीशिवाय झालाच असेल, तर तो १४ दिवसांत कळवून आरसी नोंदीसाठी हजर करायची. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार बेकायदा फेरफाराला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. थोडक्यात, बंद गाडीची उघडी करणं, लांबी वाढवणं यांना वाव नाही. जशी होती तशीच बॉडी, त्याच चासीवर, ही गोष्ट वेगळी.

जुन्या गाड्यांच्या शौकिनांनी आणखी एक ध्यानात घ्यावं. जुलै २०२१ पासून विंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी आहे. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या, खासगी वापराच्या दुचाकी-चारचाकींसाठी. नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क, मुदत १० वर्षं, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. पण अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नको. वडिलांची आठवण जपायला म्हणून बॉडी बदलली, आणि तिनेच गाडीला 'विंटेज' म्हणवून घ्यायचा मार्ग बंद केला, असं होऊ शकतं.

मग करायचं काय? बॉडीचाच कणा असलेली गाडी असेल तर बॉडी बदलूच नका. गंजलेला तेवढाच पत्रा कापा, त्या मापाचा नवा बसवा, नंबर असलेल्या भागाला हात लावू नका. हे काम महाग पडतं, वेळखाऊ असतं, चांगला पत्रेवाला शोधावा लागतो. तरी तेच करा. स्वतंत्र चासी असेल तर काम सुरू होण्याआधी आरटीओला लेखी अर्ज द्या. चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घ्या, फोटो काढा. गाडीवर कर्ज असेल तर आधी त्यांची संमती. नवी बॉडी कुठून आली त्याचं बिल हवं, आणि ती दुसऱ्या गाडीवरून काढलेली असेल तर त्या गाडीची नोंदणी रद्द झाल्याचा कागदही. काम झाल्यावर तपासणी, आरसीत नोंद, आणि विमा कंपनीला लेखी कळवणं. हे शेवटचं लोक विसरतात आणि अपघात झाल्यावर आठवतं.

एका श्रोत्याने चिठ्ठी पाठवली आहे : त्या फियाटचं पुढे काय झालं? आम्ही त्याला सगळं खरं लिहून द्यायला सांगितलं, आणि त्याने तसं दिलं. जुना सांगाडा भंगारात गेला नसता, तर त्यावर पत्राकाम करून परत येता आलं असतं. आता ती वाट नाही. गाडी त्याच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी आहे, अर्ज विचाराधीन आहे. दर रविवारी तो इंजिन चालू करतो, दहा मिनिटं आत बसतो आणि बंद करून वर जातो.