प्रीमियर पद्मिनी आणि प्रीमियर ११८ एनई
प्रीमियर पद्मिनी आणि प्रीमियर ११८ एनई या मुंबईच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीने बनवलेल्या दोन मोटारी आहेत. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या या कंपनीचा कारखाना कुर्ला येथे होता.

पद्मिनी ही मूळची इटलीची फियाट ११०० डी. ती भारतात १९६४ मध्ये आली आणि १९७४ पासून पद्मिनी या नावाने विकली गेली. तिचे इंजिन १,०८९ सीसीचे असून गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ होता. १९८५ मध्ये आलेल्या ११८ एनईची बांधणी फियाट १२४ वर आधारित होती; १,१७१ सीसीचे इंजिन मात्र जपानच्या निसान कंपनीच्या रचनेचे होते आणि गिअरचा दांडा दोन आसनांच्या मध्ये होता.

भारतातील आगमनात २१ वर्षांचे अंतर असले, तरी इटलीत या दोन्हींचे मूळ नमुने अनुक्रमे १९६२ व १९६६ मध्ये, म्हणजे अवघ्या चार वर्षांच्या अंतराने आले होते. परवाना पद्धतीमुळे स्पर्धा मर्यादित राहिल्याने जुने आराखडे दीर्घकाळ टिकले. १९८३ मध्ये मारुती ८०० आल्यावर ही स्थिती बदलू लागली. टॅक्सी म्हणून पद्मिनी मुंबईत ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावली.